खबर आणि बखर : व्यवसायकथनातील अस्सलपणाचा भाषाशास्त्रीय विचार

व्यापारउदीम आणि कथाकथन ह्या दोन गोष्टींचा संबंध जोडणे भाषेच्या अभ्यासकाला प्रथमदर्शनी काहीसे अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. व्यापाऱ्याने माल विकावा, वजन चोख द्यावे; गोष्टी सांगण्याचे काम कीर्तनकाराचे, शाहिराचे आणि घरातील आजीचे, अशी आपल्याकडील परंपरागत वाटणी आहे. तथापि ही वाटणी आता पार मोडून गेली आहे. कोणताही व्यवसाय आज मालाबरोबर आपली एक कहाणी ग्राहकापुढे ठेवतो, आणि नोकरीच्या शोधात असलेला पदवीधरदेखील स्वतःची ओळख कथेच्या रूपाने मांडू लागला आहे. ह्या कथा 'अस्सल' असाव्यात असा सर्वांचाच आग्रह असतो. परंतु कथा अस्सल असते म्हणजे नेमके काय असते, ह्याचा खुलासा क्वचितच केला जातो. 'मनापासून सांगितलेली ती अस्सल' असे सामान्यतः समजतात. मन तपासण्याचे साधन भाषाशास्त्राजवळ नाही. वाक्य तपासण्याचे मात्र आहे. कथेचा अस्सलपणा तिच्या वाक्यरचनेत कोठवर दिसून येतो, आणि मराठी भाषेने ह्या परीक्षेसाठी कोणती साधने आपल्या हाती दिली आहेत, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. मराठीचे पदवीधर ह्या प्रकारच्या लेखनाचे काम आज पोटापाण्यासाठी करतात, हे ध्यानी घेता हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

१. काही शब्दांचा विचार

'ब्रँड' ह्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी जळते लाकूड व तापलेल्या लोखंडाचा डाग आहे. जनावर कोणाच्या मालकीचे, हे त्या डागावरून कळत असे. मराठीत त्याला 'नाममुद्रा' असा पर्याय रूढ करण्यात आला. परंतु बाजारातील माणसाच्या तोंडी त्यापूर्वीच 'छाप' हा शब्द होता. मालावरही छाप असते आणि माणसाचीही दुसऱ्याच्या मनावर छाप पडते. म्हणजे वस्तूची व व्यक्तीची नाममुद्रा ह्या दोन्ही कल्पना मराठीने एका शब्दात सामावून घेतल्या आहेत. 'शिक्का' ह्या शब्दाला मात्र दुसरीही बाजू आहे. एखाद्यावर चोराचा शिक्का बसला असे आपण म्हणतो, तेव्हा तो शिक्का त्याने स्वतः मारून घेतलेला नसतो. आणि ह्या सर्वांहून वेगळा शब्द 'पत' हा होय. छाप पाडता येते. पत पाडता येत नाही, ती राखावी लागते. तिचा हिशेब दुसऱ्यांच्या वहीत असतो.

आता 'अस्सल' हा शब्द. अरबीतील मूळवाचक शब्दावरून तो आपल्याकडे आला आणि दफ्तरखान्यात स्थिरावला. तेथे त्याचा अर्थ अगदी ठराविक होता : नक्कल नव्हे तो मूळ कागद. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ह्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेची कठोर तपासणी केली आणि समकालीन अस्सल पत्रांना अग्रस्थान दिले. त्यांच्या दृष्टीने अस्सलपणा हा लेखकाच्या भावनेचा गुण नव्हता. कागद कोणी, केव्हा, कोणास लिहिला, ह्या प्रश्नांना तो उत्तर देऊ शकतो की नाही, यावर त्याचा अस्सलपणा ठरत होता. व्यवसायकथनाच्या संदर्भात हा जुना अर्थच अधिक उपयोगी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

'बखर' हा शब्द 'खबर' ह्या शब्दातील वर्णांची अदलाबदल होऊन बनला असे एक मत आहे. फार्सीतील 'बखैर' ह्या समाप्तिवाचक शब्दाशी त्याचा संबंध जोडणारे दुसरेही मत आहे. व्युत्पत्ती काहीही असो, ह्या दोन शब्दांत कथनाचे दोन प्रकार चांगले सूचित होतात. खबर ही घटनेच्या जवळ असलेल्याने, घटना ताजी असताना, ज्याला ती पडताळता येईल अशा माणसाला दिलेली असते. बखर ही मागाहून, बहुधा कोणाच्या तरी आज्ञेवरून, झालेल्या गोष्टींना एक अर्थ देण्यासाठी लिहिलेली असते. बखर निरुपयोगी नव्हे. समाज स्वतःच्या भूतकाळाकडे कसा पाहत होता हे तिच्यावरूनच कळते. अडचण उत्पन्न होते ती बखर जेव्हा खबर म्हणून सांगितली जाते तेव्हा.

२. कथन कशाला म्हणावे?

विल्यम लबॉव्ह (१९२७–२०२४) आणि जोशुआ वालेत्स्की ह्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, सामान्य माणसे स्वतःचे अनुभव तोंडी कसे सांगतात, ह्याचे विश्लेषण केले. त्यांनी कथनाची जी किमान अट सांगितली ती अतिशय साधी आहे. ज्यांचा क्रम बदलला असता घडलेल्या गोष्टींचा क्रमही बदलतो, अशी निदान दोन वाक्ये असल्यावाचून कथन सिद्ध होत नाही. लबॉव्ह ह्यांनी १९७२ च्या ग्रंथात पूर्ण कथनाची सहा अंगे मांडली : सारांश, पार्श्वभूमी, गुंतागुंत, मूल्यांकन, उकल आणि समारोप. ह्यांपैकी गुंतागुंत नसेल तर कथन उभेच राहत नाही.

पुढे १९९७ च्या एका लेखात लबॉव्ह ह्यांनी एका विरोधाकडे लक्ष वेधले. घटना जितकी असामान्य, तितकी ती सांगण्याजोगी. परंतु जितकी असामान्य, तितकीच ती अविश्वसनीय. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याचे लक्ष हवे असते आणि विश्वासही हवा असतो, व ह्या दोहोंचे माप उलट्या दिशांनी चालते. ह्या तिढ्यातून सुटण्यासाठी प्रामाणिक निवेदक असामान्य घटनेच्या भोवती सामान्य तपशिलांचे कुंपण घालतो : स्थळ, वार, रक्कम, हजर असलेली माणसे. ज्याला लक्ष तेवढे हवे असते, तो कुंपण घालीत नाही. त्याऐवजी विशेषणे वाढवतो. व्यवसायकथनातील बहुतेक सारा खोटेपणा ह्या दुसऱ्या वाटेने येतो.

३. लोखंडी नांगराची गोष्ट

महाराष्ट्रातील उद्योगांच्या ज्या कथा पुनःपुन्हा सांगितल्या गेल्या, त्यांत किर्लोस्कर उद्योगसमूहाची कथा ठळक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु डोळ्यांना काही रंग ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर त्यांना चित्रकला सोडून यांत्रिक रेखनाकडे वळावे लागले. पुढे ते व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्थेत शिकवीत होते. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून व्यवसायाची सुरुवात झाली. नंतर कडबा कापण्याचे यंत्र आले, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. १९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड, निवडुंगाने भरलेली जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. तेथे किर्लोस्करवाडी वसली.

ह्या कथेतील नांगराचा भाग कथनशास्त्राच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. लोखंडामुळे जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. येथे कर्त्याचे मोठेपण बाजूला राहते आणि न विकला गेलेला नांगर पुढे येतो. विक्रेता स्वतःच्या मालाचे अपयश सांगतो, त्याचा काळ मोजून सांगतो आणि ग्राहकाचा आक्षेपही नोंदवतो. रंग न ओळखणाऱ्या चित्रकाराची गोष्टही ह्याच जातीची आहे. उकल पटते, कारण गुंतागुंत झाकलेली नाही.

ह्या घराण्याने कथनाचे एक नियमित साधनही निर्माण केले. १९२० मध्ये शं. वा. किर्लोस्कर ह्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांना देणारे पत्रक म्हणून आरंभ झालेले हे प्रकाशन पुढे मराठीतील एक प्रभावी मासिक झाले, आणि 'स्त्री' व 'मनोहर' ही त्याची भावंडे निघाली. 'खबर' हे नाव येथे अन्वर्थक होते. मजकूर वाचणारा शेतकरी तोच नांगर धरीत असल्यामुळे, छापलेला शब्द शेतातच पडताळला जात होता.

परंतु राजवाड्यांचा प्रश्न येथेही विचारला पाहिजे : हा कागद कोणी लिहिला? लक्ष्मणरावांचे चरित्र 'यांत्रिकाची यात्रा' शं. वा. किर्लोस्करांनी लिहिले, शंतनुराव किर्लोस्करांचे आत्मचरित्र 'कॅक्टस अँड रोझेस' १९८२ मध्ये आले. दोन्ही साधने मोलाची आहेत. दोन्ही घरातीलच आहेत. नांगर न घेणाऱ्या शेतकऱ्याची बाजू आपल्याला केवळ नांगर बनवणाऱ्याच्या तोंडून कळते. लाकडी नांगर गावच्या सुताराकडून बलुत्यावर दुरुस्त होत असे; विकतच्या यंत्राला मात्र रोख पैसा लागतो. शेतकऱ्याच्या नकारात ह्याही हिशेबाचा वाटा असू शकेल. कथेत शिल्लक राहिली ती त्याची समजूत. तसेच, दरोडेखोरीचा शिक्का बसलेल्या माणसांकडे लक्ष्मणरावांनी वाडीच्या राखणीचे काम विश्वासाने सोपवले, हे आवर्जून सांगितले जाते आणि ते सांगण्याजोगेही आहे; परंतु रात्री जागणाऱ्या त्या राखणदारांनी स्वतः ही गोष्ट कशी सांगितली असती, हे त्या कथेच्या बाहेर राहते. म्हणजे एकच कथा तपशिलाने अस्सल असूनही दृष्टिकोनाने एकांगी असू शकते. ह्या मर्यादेची जाणीव ठेवणे म्हणजे कथेला खोटे ठरवणे नव्हे.

४. मराठी वाक्याच्या चार कसोट्या

वरील विवेचनावरून असे वाटेल की, अस्सलपणा शोधण्यासाठी दफ्तरेच चाळावी लागतील. परंतु पुष्कळ वेळा वाक्यच साक्ष देते. मराठीच्या व्याकरणातून निघणाऱ्या चार कसोट्या येथे मांडतो. उदाहरणे मुद्दाम रचलेली आहेत.

पहिली कसोटी काळाची. 'आजी पहाटे उठून मसाला कुटत असे' हे वाक्य आणि 'त्या वर्षी आजीने मसाला बाजारात नेला आणि तो परत आला' हे वाक्य ह्यांची तुलना करावी. पहिल्यातील रीतिभूतकाळाने वातावरण निर्माण होते. परंतु त्यात घटना नाही. लबॉव्ह-वालेत्स्कींची किमान अट त्याने पुरी होत नाही. दुसऱ्यात दोन घटना ठराविक क्रमाने आल्या आहेत. आज कहाणी म्हणून छापल्या जाणाऱ्या मजकुराकडे ह्या दृष्टीने पाहिले असता, त्यात 'असे', 'असत', 'येत असत' ह्यांचीच गर्दी आढळते. तो मजकूर खोटा असेलच असे नाही; तो अद्याप कथन झालेला नाही, इतकेच. व्रतांच्या कहाण्यांतील आटपाट नगराला स्थळ नसते आणि काळही नसतो, कारण त्या कहाणीला कोणी पुरावा मागत नाही. व्यवसायाची कहाणी मात्र आटपाट नगरात घडून चालत नाही.

दुसरी कसोटी कर्त्याची. मराठीत सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी तृतीयपुरुषी कर्त्याला 'ने' अथवा 'नी' लागतो : 'रामभाऊंनी भट्टी लावली'. ह्या प्रत्ययामुळे कर्तृत्व कोणाचे, हे वाक्यात उघड होते. त्याच्या उलट 'भट्टी लावण्यात आली', 'निर्णय घेण्यात आला' ह्या रचना कर्त्याला पडद्याआड नेतात. आपल्या शासकीय व संस्थात्मक मराठीत 'करण्यात आले' ह्याचा जो सुळसुळाट झाला आहे, तो कथनाला मारक आहे. येथे एक गमतीचा भेद दिसतो. यशाच्या वाक्यांत संस्थापकाच्या नावाला 'नी' लागतो, आणि कामगार कमी झाले त्या वर्षाचे वाक्य 'आले' ह्यावर संपते. एकाच पानावर कर्ता कोठे दिसतो आणि कोठे लपतो, हे नोंदवून पाहावे. त्या कथेची नीती तेथे उघडी पडते. अपयशाविषयी मराठीला 'हातून' ही एक हळुवार रचनाही उपलब्ध आहे. 'मी नुकसान केले' आणि 'माझ्या हातून नुकसान झाले' ह्यांत जबाबदारी दोन्हीकडे आहे, हेतू मात्र दुसऱ्यात नाकारला आहे. 'नुकसान झाले' एवढेच म्हटले की जबाबदारीही गेली.

तिसरी कसोटी पुरुषवाचक सर्वनामाची. मराठीत ऐकणाऱ्याला वगळणारा 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारा 'आपण' हे भेद स्पष्ट आहेत. 'आम्ही हे तेल घाण्यावर काढतो' ह्यात विक्रेता स्वतःच्या कामाची हमी देतो. 'आपण सारे एक कुटुंब आहोत' ह्यात तो ग्राहकाला अथवा नोकराला आपल्या पंक्तीला बसवतो. हे आमंत्रण खरे की शिष्टाचाराचे, हे ठरवण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे : नफ्याच्या वाटणीच्या वेळीही 'आपण' टिकतो काय? तेथे पुन्हा 'आम्ही' आणि 'तुम्ही' होत असेल, तर पहिला 'आपण' केवळ अलंकार होता.

चौथी कसोटी प्रमाणाची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. 'म्हणणे' ह्या क्रियापदापासून गोठलेले 'म्हणे' हे अव्यय मराठीत ऐकीव माहितीची खूण म्हणून वापरले जाते. 'त्याला म्हणे बक्षीस मिळाले' असे म्हणणारा माणूस बातमी पुढे देतो; पण तिची हमी देत नाही, प्रसंगी किंचित शंकाही सूचित करतो. हे दोन अक्षरांचे अव्यय बोलणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचे एक सूक्ष्म साधन आहे. गोष्ट तोंडातून तोंडी जाताना प्रथम जे गळते ते हेच. 'म्हणे' गळाला की ऐकीव गोष्ट पाहिलेली होते. कोणीही जाणूनबुजून खोटे बोललेले नसताना असत्य प्रस्थापित होण्याचा हा राजमार्ग होय.

५. 'म्हणे' गळाल्याचे एक उदाहरण

मुंबईच्या डबेवाल्यांची गोष्ट ह्याचे ठळक उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे ह्यांनी सुरू केलेली ही व्यवस्था. पुणे जिल्ह्यातील मावळ व त्याच्या आसपासच्या भागातून आलेली, बहुतांशी वारकरी परंपरेतील माणसे; डब्याच्या झाकणावरील अक्षरे, अंक व रंग ह्यांची स्वतःची संकेतपद्धती; लोकलगाडी, सायकल आणि हातगाडी ह्यांच्यावर उभी असलेली वेळेची शिस्त. ह्या संकेतपद्धतीचा अभ्यास चिन्हशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य करावा, इतकी ती काटकसरी व अचूक आहे. हार्वर्डच्या व्यवसायप्रशासन शाळेने २०१० मध्ये ह्या व्यवस्थेवर एक अध्ययनप्रकरण प्रसिद्ध केले. सांगण्याजोगेपणा आणि विश्वसनीयता दोन्ही येथे मुळातच विपुल होती.

१९९८ मध्ये 'फोर्ब्ज' ह्या व्यापारी नियतकालिकात ह्या व्यवस्थेवर लेख आला. त्यानंतर डबेवाल्यांना त्या नियतकालिकाने 'सिक्स सिग्मा' ही प्रत दिली, लक्षावधी डब्यांत एखादीच चूक होते, असे सांगितले जाऊ लागले. व्याख्यानांतून, पाठ्यपुस्तकांतून, व्यवस्थापनाच्या वर्गांतून हे विधान फिरत राहिले. वस्तुतः अशी प्रत देणे हे नियतकालिकाचे कामच नव्हे, आणि आपण असे प्रमाणन केले नव्हते, असे त्या लेखाच्या लेखकाने पुढे स्पष्ट केले. तथापि 'म्हणे' गळून गेला होता आणि विधान स्वतंत्रपणे चालू लागले होते.

ह्यात बिघडले काय, असे कोणी विचारील. डबा तर वेळेवर पोहोचतच होता. बिघडले ते असे की, उसन्या आकड्याने खऱ्या गोष्टीची जागा घेतली. श्रोत्याला अचूकतेचा आकडा पाठ झाला. डबेवाल्याच्या मिळकतीचा, त्याच्या डोक्यावरील ओझ्याचा आणि त्याच्या म्हातारपणाच्या तरतुदीचा आकडा विचारण्याचे त्याला सुचले नाही. २०२० च्या टाळेबंदीत लोकलगाड्या व कचेऱ्या बंद झाल्या आणि सुमारे पाच हजार माणसांचे हे काम ठप्प झाले, त्या वेळी ती कीर्ती त्यांच्या चुलीपर्यंत पोहोचू शकली नाही. छाप मोठी होती. तिच्यातून मिळालेली व्याख्याने व प्रशस्तिपत्रे महिन्याच्या मिळकतीची जागा घेणारी नव्हती. कथेचा खोटा भाग कधीकधी तिच्या खऱ्या भागाचाच घास घेतो, तो असा.

६. कथेवरचा हक्क

ह्याच्या शेजारी 'लिज्जत' पापडाची गोष्ट ठेवून पाहावी. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटण्यास आरंभ केला. त्यांपैकी जसवंतीबेन पोपट ह्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड पसरले, खाली शेगडी पेटवली, आणि काम चालू राहिले. कथनशास्त्राच्या सर्व अटी ह्या दोन वाक्यांत पुऱ्या होतात. पार्श्वभूमी आहे, गुंतागुंत आहे, उकल आहे. विशेषण एकही नाही. पुढे चाळीस हजारांहून अधिक स्त्रिया ह्या संस्थेत आल्या. सभासद एकमेकींना 'बहीण' म्हणतात, आणि संस्थेची मालकी सभासदांकडेच असल्यामुळे त्या संबोधनाला वर सांगितलेल्या तिसऱ्या कसोटीची भीती नाही. देणगी स्वीकारावयाची नाही, असे त्यांनी आरंभीच ठरवले होते. त्यामुळे त्यांच्या कथेत उपकारकर्त्याची मुख्य भूमिका निर्माणच झाली नाही.

दुसरे उदाहरण गुजरातच्या दूध उत्पादकांचे. श्याम बेनेगल ह्यांचा 'मंथन' हा चित्रपट १९७६ मध्ये आला. त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची. गुजरातेतील पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन त्याचा खर्च उचलला. चित्रपटातील गाव व पात्रे कल्पित आहेत, आणि तरीही ती कथा नक्कल ठरत नाही. एक तर, ती कल्पित असल्याचे लपवीत नाही. दुसरे असे की, ज्यांच्याविषयी ती आहे त्यांच्याच पैशाने ती सांगितली गेली. बाहेरून आलेला डॉक्टर अखेरीस निघून जातो आणि संस्था गावकरी पुढे चालवतात, हा तिचा शेवटही बोलका आहे. अस्सलपणा म्हणजे अक्षरशः घडलेले तेवढेच सांगणे, हा अर्थ म्हणूनच अपुरा पडतो. सांगणारा कोणत्या हक्काने सांगतो आणि ते वाक्य कोणापुढे उत्तरदायी आहे, ह्या दोन प्रश्नांवाचून त्याची व्याख्या पुरी होत नाही.

ह्यावर असा आक्षेप येऊ शकतो की, प्रत्येक कथन ही निवड असते. मग व्यापाऱ्याने सोयीचे निवडले तर त्याला दोष का द्यावा? आक्षेप रास्त आहे. निवडीवाचून कथन संभवत नाही, हे कबूलच केले पाहिजे. परंतु निवड करणे आणि खुणा पुसणे ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत. ज्या कथेत स्थळ, काळ आणि माणसे शिल्लक आहेत, तिच्यात न सांगितलेली बाजू उद्या कोणीही शोधून काढू शकतो. लोखंडी नांगराच्या गोष्टीला आपण आज प्रश्न विचारू शकलो ते त्यामुळेच. ज्या कथेतून ह्या खुणा पुसल्या आहेत, तिला प्रश्नच विचारता येत नाही. प्रश्न विचारता येणे हाच अस्सल कागदाचा गुण आहे.

७. व्यक्तीची नाममुद्रा

आता व्यक्तीविषयी थोडेसे. अर्जासोबत स्वतःची 'कहाणी' लिहिण्याचा प्रसंग आजच्या विद्यार्थ्यावर येतो. त्या वेळी त्याच्यापुढे आदर्श म्हणून ज्या कथा ठेवल्या जातात त्यांचा साचा ठरलेला असतो : दारिद्र्य, एक क्षण, निश्चय, यश. परिणाम असा होतो की, ज्याच्या आयुष्यात दारिद्र्य होते तो ते विकावयास बसतो, आणि ज्याच्या आयुष्यात नव्हते तो ते उसने आणतो. पहिल्याची हानी अधिक गंभीर आहे. आईने दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून शिकवले, ही गोष्ट मुलाची आहे तशीच आईचीही आहे. ती चारचौघांपुढे मांडण्यापूर्वी तिला विचारले पाहिजे. कथेवरचा हक्क कारखान्यात जितका महत्त्वाचा, तितकाच घरात.

अशा विद्यार्थ्याला एवढेच सुचवावेसे वाटते की, छापेच्या मागे न लागता त्याने पतेचा विचार करावा. आपण केलेले एखादे लहान पण पुरे काम निवडावे. ते कोठे, केव्हा, कोणाबरोबर केले ते सांगावे. अडले कोठे, ते घटनेच्या क्रियापदाने सांगावे. दुसऱ्याने केले तेथे त्याच्या नावाला 'ने' लावावा. स्वतः केले तेथे 'मी' म्हणण्यास संकोच करू नये. ऐकीव असेल तेथे 'म्हणे' ठेवावा. बोलीभाषेतील शब्द कामाच्या संदर्भात आला असेल तर तो तसाच राहू द्यावा, मात्र अस्सल दिसण्यासाठी म्हणून तो मुद्दाम पेरू नये. बोलीचा अलंकार म्हणून केलेला उपयोग जाणत्या कानाला लगेच खटकतो, आणि ज्यांची ती बोली आहे त्यांना तो टोचतो.

सारांश, व्यवसायाचे असो वा व्यक्तीचे, कथन अस्सल आहे की नाही ह्याचा निर्णय निवेदकाच्या सुरावरून करता येत नाही. घटना क्रमाने सांगितली आहे काय, कर्ता दिसतो काय, 'आपण' कोणाला सामावतो, आणि ऐकीव व पाहिलेले ह्यांतील भेद राखला आहे काय, हे पाहावे लागते. ही चार कामे व्याकरण जाणणाऱ्याची आहेत. म्हणून ह्या क्षेत्रात आपल्या विद्यार्थ्यांना बोलावले जाते, तेव्हा त्यांनी केवळ शब्द पुरवणारे होऊन थांबू नये. वाक्यात न मावणारी गोष्ट वाक्यात बसवून देण्यास नकार देण्याचा अधिकारही आपल्या विद्येबरोबर येतो, हे त्यांनी ध्यानी ठेवावे. बखरी लिहून देणारे प्रत्येक काळात मिळतात. बाजाराला आणि समाजाला तुटवडा पडतो तो खबर देणाऱ्यांचा.